सासष्टीचा इंग्रज पुराणिक

इंग्रज माणूस आणि मराठी भाषा यांची गाठ प्रथम केव्हा पडली, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेकजण १८१८ साल सांगतील. कोणी अधिक वाचलेला असेल तर श्रीरामपूरच्या केरीचे १८०५ मधील मराठी व्याकरण सांगेल. आणि मोल्सवर्थचा १८३१ सालचा कोश तर शाळामास्तरांच्या कृपेने सर्वांच्या परिचयाचा आहे. पण त्याच्याही दोनशे वर्षे आधी एक इंग्रज आपल्या या किनाऱ्यावर येऊन राहिला होता. रत्नागिरीहून समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेस गेले की गोव्याची सासष्टी लागते. ठाण्याजवळची साष्टी ती वेगळी. या सासष्टीत त्याने आयुष्याची उत्तम वर्षे घालविली, तेथल्या माणसांची भाषा त्यांच्याच तोंडून शिकला, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे पुराण मराठीत रचले, ते छापून घेतले आणि अखेर गोव्याच्याच भूमीत देह ठेवला. त्याचे नाव फादर थॉमस स्टीफन्स, आणि त्या ग्रंथाचे नाव ख्रिस्तपुराण.

हे पुराण सासष्टीतील राशोलच्या छापखान्यातून १६१६ साली बाहेर पडले. त्याच वर्षी तिकडे इंग्लंडात शेक्सपिअर वारला. आदामाच्या पतनाची कथा इंग्रजीत गाऊन अमर झालेला मिल्टन तेव्हा सात-आठ वर्षांचा पोर होता. त्याचे महाकाव्य १६६७ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे स्वर्गातील बंड, ते बंड करणारा देवदूत, आदाम आणि एवा, त्यांचा मोह आणि त्यांची हकालपट्टी, हा सारा विषय एका इंग्रजाने मिल्टनच्या पन्नास वर्षे आधी महाकाव्यात गुंफला, आणि तोही आपल्या ओवीत! इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात या कवीला जागा नाही, कारण त्याने इंग्रजीत काव्य लिहिले नाही. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात जागा आहे, पण ती कोपऱ्यातली.

त्या कोपऱ्यातून त्याला वर्षातून एकदा बाहेर काढण्यात येते. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा दिन आला की शाळांतून आणि कचेऱ्यांतून भाषणे होतात, आणि त्यांत स्टीफन्सने केलेली मराठीची स्तुती हमखास ऐकू येते. रत्नांत, फुलांत, सुगंधांत, पाखरांत, वृक्षांत जे श्रेष्ठ ते ते वेचून त्याने मराठीला त्याची उपमा दिली आहे. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हाही या ओव्या पुन्हा एकदा सगळीकडे फिरल्या. परक्या माणसाने आपल्या आईचे कौतुक केले म्हणजे बरे वाटते, हे खरेच आहे. मात्र ज्या दोन-चार ओव्यांनी आपल्याला गुदगुल्या होतात तेवढ्याच उचलून बाकीच्या दहा हजारांवर ओव्यांकडे आणि त्या ज्यांच्यासाठी रचल्या त्या माणसांकडे पाठ फिरवावी, हे आम्हाला पटत नाही. ही स्तुती कोणत्या गावात, कोणत्या काळात, कोणापुढे आणि कोणाच्या मागणीवरून झाली, हे पाहिल्यावाचून तिची किंमत कळत नाही. आजचा आमचा विषय एवढाच आहे.

स्टीफन्सचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात, बुश्टन या खेड्यात झाला. बाप व्यापारी. त्या वेळचा इंग्लंड म्हणजे एलिझाबेथ राणीचा इंग्लंड. राणीने पोपची सत्ता झुगारली होती आणि १५७० साली पोपने राणीला बहिष्कृत केले होते. तेव्हापासून रोमन कॅथलिक असणे हे त्या देशात धर्मापेक्षा राजद्रोहाचे लक्षण ठरू लागले. स्टीफन्सचा मित्र थॉमस पाउंड या नादापायी आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगात राहिला. एडमंड कँपियन हा जेझुइट विद्वान १५८१ साली लंडनमध्ये फासावर गेला. स्टीफन्सने देश सोडला, रोम गाठले आणि १५७५ साली तो जेझुइट संघात दाखल झाला. ज्या माणसाला स्वतःच्या देशात स्वतःच्या पद्धतीने प्रार्थना करण्याची मोकळीक नव्हती, तो माणूस पुढे अशा एका राज्यात धर्मगुरू म्हणून आला की जेथे इतरांना ती मोकळीक नव्हती. इतिहासात असे पुष्कळदा घडते. आम्ही ते केवळ नोंदवून पुढे जातो.

४ एप्रिल १५७९ रोजी त्याचे जहाज लिस्बनहून निघाले आणि त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला गोव्यास लागले. पुढील महिन्यात त्याने बापाला एक लांबलचक पत्र लिहिले. हॅक्लूट नावाच्या इंग्रज पंडिताने प्रवासवृत्तांचा मोठा संग्रह छापला, त्यात हे पत्र आल्यामुळे ते आजही वाचावयास मिळते. खलाशांच्या आणि बंदरांच्या सहवासात वाढलेल्या आपल्या लोकांनी ते जरूर वाचावे. केप ऑफ गुड होपला वळसा घातल्यावर आफ्रिकेच्या जवळून न येता बाहेरच्या लांब वाटेने यावे लागले तर काय होते, ते त्यात आहे: हिरड्या सुजून वाढतात, त्या कापून काढाव्या लागतात, पाय सुजतात, अंग बधिर होते आणि माणूस हातपाय न हलवता मरतो. त्या जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस मेली. आणि इतर वर्षांच्या मानाने हे काहीच नाही असे लोक समजत होते, असे तो लिहितो. याच पत्रात, या देशाचे पेय म्हणजे चांगले पाणी, नाहीतर माडाची माडी, अशीही नोंद त्याने केली आहे. येऊन पुरता महिनाही झाला नव्हता, तोच माणसाने माडी कोणत्या झाडाची ते पाहून घेतले होते. पुढे १५८३ साली त्याने भाऊ रिचर्ड याला लिहिलेल्या पत्रात इकडच्या भाषांविषयी लिहिले, की त्यांची घडण ग्रीक आणि लॅटिन यांच्यासारखी आहे. हेच सर विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यात सांगितले, तेव्हा युरोपातील भाषापंडितांत खळबळ उडाली. स्टीफन्सने ते घरच्या पत्रात जाता जाता लिहिले होते.

आता सासष्टीकडे येऊ. सासष्टी आणि बार्देश हे दोन महाल १५४३ साली पोर्तुगीजांच्या हाती पक्के आले. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय बसले. ते मधल्या काही वर्षांचा खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. १५६७ साली राशोलच्या कप्तानाने सासष्टीतील देवळे पाडली. मंगेश कुशस्थळीहून आणि शांतादुर्गा केळोशीहून नदीपलीकडे अंत्रुज महालात गेली, ती आजही तेथेच आहेत. अनेक घराणी देवांबरोबर निघाली, काही आपल्या बाजूस राजापूर-सावंतवाडीकडे सरकली. जी मागे राहिली त्यांपैकी बहुतेकांनी धर्म बदलला. कोणी श्रद्धेने बदलला असेल, कोणी जमीन राखण्यासाठी, कोणी नुसता भीतीने. चारशे वर्षांनंतर प्रत्येकाच्या मनाचा झाडा घेणे आपल्याला शक्य नाही.

देवळांबरोबर पोथ्याही गेल्या, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. देशी लिपीतील धर्मग्रंथ बाळगणे आणि वाचणे गुन्हा ठरला. १५५९ साली दिवाडी बेटावरील एका ब्राह्मणाच्या घरातून पोथ्या चोरून आणल्या आणि त्यांचे भाषांतर करवून घेतले, ही हकीगत खुद्द जेझुइटांच्या पत्रव्यवहारात नोंदलेली आहे. त्यात ज्ञानेश्वरांचेही लेखन होते. त्या भाषांतराचा हेतू उघड होता: प्रतिपक्षाची शास्त्रे वाचून त्याला वादात पाडणे. तथापि यातून एक चांगले निष्पन्न झाले. केळोशीच्या कृष्णदास शामाने १५२६ मध्ये लिहावयास घेतलेले कृष्णचरित्र, तसेच रामायण-महाभारताच्या कथा, पाद्र्यांनी रोमन लिपीत उतरवून घेतल्या होत्या. त्यांची बाडे पोर्तुगालातील ब्रागा या शहराच्या ग्रंथालयात सापडली. घरच्या पोथ्या जळाल्या वा कुजल्या, आणि चोराघरी गेलेल्या तेवढ्या शिल्लक राहिल्या!

पोथी गेली म्हणजे काय गेले, हे शहरात वाढलेल्या तरुणांना सांगावे लागेल. आपल्या कोकणात अजून काही घरांत चातुर्मासात हरिविजय नाहीतर पांडवप्रताप लागतो. एक वाचतो, एक अर्थ सांगतो, आणि दिवसभर शेतात, बागेत, होडीवर राबलेली माणसे भिंतीला टेकून ऐकतात. त्यांत अक्षरशत्रू असतात, बायका असतात, पेंगणारी पोरे असतात. नाटक, वर्तमानपत्र, शाळा, करमणूक, सारे काही त्या एका पोथीत असते. श्रीधर कवी स्टीफन्सच्या नंतरचा. पण नामदेव-एकनाथांच्या कथा आणि त्याआधीची पुराणे सोळाव्या शतकात अशीच ऐकली जात होती. सासष्टीतील माणसाचा धर्म बदलला, नाव बदलले, काहींचा पोशाख बदलला. पण दिवेलागणीनंतर कथा ऐकण्याची शतकानुशतकांची सवय एका फर्मानाने कशी बदलणार?

या वातावरणात १५८३ साल उजाडले. सासष्टीच्या दक्षिण टोकाला कुंकळ्ळी, वेरोडे, आसोळणा, वेळी आणि आंबेली ही पाच गावे. गावकार स्वाभिमानी, जमिनी सकस, बाजार मोठा. देवळे पाडली की ती पुन्हा बांधीत आणि कर भरण्यास नकार देत. २५ जुलै १५८३ रोजी पाच जेझुइट काही ख्रिस्ती लोकांसह कुंकळ्ळीस क्रूस आणि चर्चसाठी जागा पाहण्यास गेले. त्यांचा मुख्य रुदोल्फ अक्वाविवा हा अकबराच्या दरबारात राहून आलेला विद्वान होता. गावकऱ्यांनी त्या पाचांना ठार केले. बरोबरच्या देशी ख्रिस्ती लोकांपैकीही अनेक मारले गेले. त्यानंतर सरकारने गावाच्या पुढाऱ्यांना बोलणी करण्यासाठी आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावले. सोळाजण गेले. दरवाजे लावून त्यांची कत्तल करण्यात आली. एकजण तेवढा निसटला. गावांतील जमिनी काढून घेण्यात आल्या आणि पुढे आसोळणा, वेळी, आंबेलीची जमीन जेझुइटांच्याच हाती आली.

आम्ही आयुष्याची तीस वर्षे मालकांसमोर वाटाघाटीला बसण्यात घालविली आहेत. टेबलापलीकडचा माणूस कसाही असो, बोलणीसाठी बोलावलेल्याच्या केसाला धक्का लागत नाही, एवढ्या एकाच विश्वासावर तो सारा व्यवहार चालतो. त्यामुळे कुंकळ्ळीचा हा भाग वाचताना आम्हाला पाद्र्यांच्या हत्येपेक्षा किल्ल्याच्या त्या बंद दरवाजाचा संताप अधिक येतो, हे आम्ही लपवीत नाही. मारले गेलेल्या पाद्र्यांना चर्चने १८९३ साली धन्य पदवी दिली. गावपुढाऱ्यांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे राहण्यास २००३ साल उजाडावे लागले.

स्टीफन्स या घटनेच्या वेळी सासष्टीतच होता. सहकाऱ्यांचे देह परत मिळवून त्यांना मूठमाती देण्याचे काम त्याच्याकडे आले. म्हणजे ज्याने पुढे मराठीची मोगऱ्याशी तुलना केली त्याने आपल्या मित्रांची छिन्नविच्छिन्न शवे हाताळली होती, आणि त्या हत्येच्या सुडात काय झाले तेही त्याच्या कानांवर होते. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर बदली मागून गेला असता, किंवा मनात कायमचे विष घेऊन राहिला असता. स्टीफन्स तेथेच राहिला. त्यानंतर तेहतीस वर्षांनी त्याचे पुराण छापून झाले.

त्याच वर्षाच्या अखेरीची एक हकीगत येथे थोडक्यात सांगतो. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स आणि जेम्स स्टोरी हे चार इंग्रज पोर्तुगीजांनी हेर समजून होर्मुझला पकडले आणि गोव्याच्या तुरुंगात आणून टाकले. स्टीफन्सने त्यांच्यासाठी खटपट केली आणि ते जामिनावर सुटले. हे सारे त्याच्या दृष्टीने पाखंडी, शिवाय त्याच्या धर्मबांधवांना फासावर देणाऱ्या राणीची प्रजा. पण अडचणीत सापडलेला गाववाला तो गाववाला. १५८४ साली स्टोरी सोडून बाकीचे जामीन मोडून विजापूरकडे पळाले. फिच १५९१ साली इंग्लंडात परत पोचला आणि त्याने सांगितलेली माहिती पुढे ईस्ट इंडिया कंपनी काढणाऱ्यांच्या कामी आली. कंपनीची सनद १६०० सालची. बिचाऱ्या पाद्र्याने एका दयेच्या कृत्यातून काय वाढवून ठेवले, याची त्याला कल्पना असण्याचे कारण नाही.

आता पुराण कसे जन्मले ते पाहू. त्याची हकीगत कवीने स्वतःच पहिल्या सर्गात दिली आहे. सर्गाला तो अवस्वरू म्हणतो. चर्चमध्ये धर्मशिक्षण चालू असता एक ब्राह्मण पाद्रीगुरूपुढे येतो आणि विनंती करतो. तिचा भावार्थ असा: तुम्ही शिकविता ते ठीक आहे, पण ते थोडके आहे, आमची पूर्वीची पुराणे तर तुम्ही बंद केलीत, मग आमच्या भाषेत त्यांच्या तोलाचे दुसरे काही आम्हाला का देत नाही? रिकाम्या वेळी आम्ही वाचावे काय आणि ऐकावे काय?

आमच्या मते साऱ्या ख्रिस्तपुराणात याहून महत्त्वाची जागा नाही. हा प्रसंग जसाच्या तसा घडला की कवीने योजला, हा प्रश्न गौण आहे. श्रोत्यांच्या मनातील तक्रार त्याने ऐकली होती आणि ती त्यांच्याच बाजूने मांडून काव्याच्या दारातच ठेवली, हे खरे महत्त्वाचे. राज्यकर्त्यांच्या पंगतीला बसणाऱ्या माणसाने, आम्ही यांच्याकडून काहीतरी हिरावून घेतले आहे आणि त्याची भरपाई देणे लागतो, एवढी कबुली छापील ग्रंथात द्यावी, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. त्या ब्राह्मणाला ग्रंथात नाव नाही. ख्रिस्तपुराणाचा जनक स्टीफन्स खरा, पण मागणी त्या बिननावाच्या माणसाची.

मागणी पुराणाची होती, म्हणून दिले तेही पुराणच. प्रवचन नाही, प्रश्नोत्तरी नाही. (प्रश्नोत्तरी त्याने वेगळी लिहिली, ती १६२२ साली, त्याच्या मृत्यूनंतर निघाली.) पहिले पुराण छत्तीस अवस्वरूंचे: सृष्टीच्या उत्पत्तीपासून जलप्रलय, अब्राहाम, मोझेस, दावीद यांच्या कथा घेत ख्रिस्ताच्या आगमनाच्या भविष्यापर्यंत. दुसरे एकोणसाठ अवस्वरूंचे: ख्रिस्ताचा जन्म, चमत्कार, क्रूसावरील मरण आणि स्वर्गारोहण. आरंभ आपल्या कवींप्रमाणे नमनाने, फक्त गणेश-सारदेच्या जागी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. स्वर्गाला तो सरळ वैकुंठ म्हणतो. ज्ञानेश्वर-एकनाथांची साडेतीन चरणांची ओवी त्याने अशी आत्मसात केली की वाचताना हा इंग्लंडचा माणूस आहे याचा विसर पडतो. वैकुंठ म्हटल्यावर सासष्टीच्या म्हातारीच्या डोळ्यांपुढे नेमके कोण उभे राहत असेल, याची पाद्रीबुवांना धास्ती वाटली नाही काय? वाटली असावी. पण नवे शब्द घडवून कोणालाच काही न कळण्यापेक्षा, जुन्या शब्दात थोडे जुने पाणी राहिले तरी चालेल, असा हिशेब त्याने केलेला दिसतो. रविवारी आणि सणाच्या दिवशी उपासना आटोपल्यावर चर्चमध्ये हे पुराण वाचले जाऊ लागले, आणि लोक ते आवडीने ऐकू लागले.

भाषेविषयी त्याने केलेला खुलासा आम्हाला त्या प्रसिद्ध स्तुतीपेक्षाही मोलाचा वाटतो. तो म्हणतो की हे सारे मराठीत लिहिले आहे. परंतु शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळत नाही, म्हणून पुष्कळ जुन्या कवींचे कठीण शब्द टाळून इथल्या ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द मिसळले आहेत. ब्राह्मणांची बोली म्हणजे आज आपण जिला कोकणी म्हणतो ती. काजूच्या कारखान्यातील बायकांसाठी पत्रक लिहावयास बसले की कायद्याच्या पुस्तकातली मराठी बाजूला ठेवावी लागते, आणि तरीही मजकूर भारदस्त राहील, बाईला आपला अपमान झाला असे वाटणार नाही, एवढी उंची सांभाळावी लागते. या कामात ज्याने हात भाजून घेतले आहेत त्याला स्टीफन्सची तारांबळ समजेल. पुढे पंडितांनी या ग्रंथाच्या भाषेवरून मराठी-कोकणी असा मोठा वाद घातला. दोन्ही बाजूंना भरपूर पुरावा मिळतो, कारण कवीने दोन्ही जाणूनबुजून एकत्र केल्या होत्या. त्याच्या कोकणीवरील प्रेमाबद्दलही शंका नको. त्याने लिहिलेले त्या भाषेचे व्याकरण १६४० साली राशोलला छापले गेले, आणि कोणत्याही भारतीय भाषेचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून त्याची गणना होते.

एक गोष्ट मात्र त्याच्या मनासारखी झाली नाही. पुराण छापले गेले ते रोमन लिपीत, पोर्तुगीज उच्चारांच्या धर्तीवर. त्याला ते देशी लिपीत हवे होते. १६०८ साली रोमच्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात त्याने ही इच्छा मांडली आहे: तिकडे मलबारात तामिळ अक्षरे ओतून पुस्तके निघाली, तशी या प्रांताच्या भाषेत आणि अक्षरांत निघावीत, ही आपली फार वर्षांची तळमळ आहे. (तामिळ पुस्तक १५७८ साली निघाले होते.) अडचण काय, तर युरोपात चोवीस अक्षरांवर भागते, येथे जोडाक्षरे आणि मात्रा धरून साचे सहाशेच्या घरात जातात. खिळे जुळविणाऱ्या जुन्या कंपोझिटरांची संघटना आम्ही काही वर्षे सांभाळली आहे. मराठीच्या केसमध्ये किती घरे असत आणि ती पाठ होण्यास पोराला किती महिने लागत, ते आम्ही पाहिले आहे. सहाशे साचे हा आकडा अतिशयोक्तीचा नाही. आधीच खर्च, त्यात देशी अक्षर म्हटले की संशय घेणारे सरकार. बेत बारगळला. तो साधला असता तर केरीच्या व्याकरणाआधी पावणेदोनशेहून अधिक वर्षे मराठी ग्रंथ आपल्या लिपीत छापला गेला असता.

स्टीफन्स १६१९ साली वारला. त्याच्या मागे काही काळ परंपरा चालली. एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने संत पीटरवर बारा हजारांच्या आसपास ओव्यांचे पुराण लिहिले. ख्रिस्तपुराणाच्या १६४९ आणि १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पण सरकारचा रोख बदलत होता. पाद्र्यांना देशी भाषा शिकण्याचा कंटाळा येऊ लागला होता आणि प्रजेनेच राजभाषा शिकावी हे अधिक सोयीचे होते. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर याने हुकूम काढला की तीन वर्षांत लोकांनी आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावे. असले हुकूम कागदावर राहतात हे खरे. तीन वर्षांत काय, तीनशे वर्षांतही गोव्यातील कोळीण पोर्तुगीजमध्ये भाव सांगू लागली नाही. पण बोली मरत नसली तरी ग्रंथ मरतो. ज्या भाषेला कचेरीत आणि चर्चमध्ये मज्जाव, तिच्यात नवे पुराण कोण लिहिणार आणि जुने कोण छापणार? १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

तरीही ग्रंथ आपल्या हाती आला, तो कसा? गोव्यातून दुष्काळ, लढाया आणि धर्मन्यायालय यांना कंटाळून अनेक ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेस कानडा किनाऱ्यावर मंगळूरच्या बाजूस गेली. भातशेती करणारी, कष्टकरी माणसे. जाताना त्यांनी हे पुराण हाताने उतरवून बरोबर नेले आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या नकला होत राहिल्या. १७८४ साली टिपू सुलतानाने त्या भागातील ख्रिस्ती लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणास नेले. टिपूच्या अंतानंतर, १७९९ नंतर, जे वाचले ते परतले. एवढ्या उलथापालथीतूनही काही पोथ्या उरल्या. पोर्तुगालच्या राजाने नाही, गोव्याच्या आर्चबिशपने नाही, मराठी पंडितांनी तर नाहीच नाही. हे काव्य राखले ते त्या घरांनी, ज्यांची मागणी पहिल्या सर्गात नोंदलेली आहे त्या श्रोत्यांच्या वंशजांनी. त्यांच्याकडील हस्तलिखिते ताडून जोसेफ सालदान्हा यांनी १९०७ साली मंगळूरला रोमन लिपीतील आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा महाराष्ट्रातील अभ्यासकांना या ग्रंथाची नीट ओळख झाली.

पुढची गोष्ट आणखी मौजेची आहे. विल्यम मार्सडेन या इंग्रज संग्राहकाने जमविलेली जुनी बाडे लंडनमध्ये पडून होती. आपल्या संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतर करणारे अमेरिकन मिशनरी जस्टिन अ‍ॅबट यांना १९२० नंतरच्या दशकात त्यांत ख्रिस्तपुराणाची एक पोथी आढळली. छापील पुराणात जेथे जेथे पोर्तुगीज शब्द आले आहेत तेथे तेथे या पोथीत संस्कृत-मराठी शब्द आहेत. मूळ कवीचा पाठ हाच की नंतर कोणी तो शुद्ध केला, यावर विद्वानांचे एकमत नाही. आणि ही पोथी नागरी लिपीत आहे.

छापील नागरी आवृत्ती पुण्यास शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली काढली. त्यानंतर १९९६ आणि २००९ साली आणखी दोन निघाल्या. आम्ही जुनी बंडेलूंची प्रत वाचली. सुरुवातीस जुन्या शब्दांशी झगडावे लागते. ज्याने लहानपणी पोथी ऐकली आहे त्याला पंधरावीस पानांनंतर चाल सापडते. ज्याने ऐकली नाही त्याने ती कोणाकडून तरी मोठ्याने वाचवून घ्यावी; ती तशीच ऐकण्यासाठी रचलेली आहे.